कुठे कळतं, कुठे नाही

कंडक्टरच्या बॅगेचा पट्टा डाव्या खांद्यावरून छातीवर आडवा येतो. एक दिवस त्या पट्ट्याखाली काहीतरी टोचल्यासारखं झालं. मला वाटलं, बॅजची पिन उघडली असेल. सिग्नलला बस थांबली तेव्हा हात लावून पाहिला. पिन जागेवर होती. टोचत होतं ते आत होतं. चिंचोक्याएवढं, कडक, आणि बोटाने सरकवलं तरी सरकत नव्हतं.

मी वैशाली. बोरिवली-दहिसर पट्ट्यात बसवर कंडक्टर आहे. राहते दहिसरला नदीजवळ. घरात नवरा मिलिंद, कॉलेजला जाणारी मुलगी प्रज्ञा आणि सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो. स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, पुढचे सगळे उपचार झाले आणि मी बरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारी असताना मी असं काही वाचायला घेतलं की आधी शेवट बघायचे. बाई जगली का? जगली असेल तरच वाचायचे.

घाबरले का, तर नंतर पुष्कळ घाबरले. पण त्या पहिल्या काही दिवसांत मला जास्त करून नवल वाटत होतं. माझ्याच अंगात, मला न विचारता, हे कधी येऊन बसलं? आंघोळीच्या वेळी मी रोज चाचपायचे. कालच्यापेक्षा मोठं आहे का? आज दुखतंय का? दुखत नव्हतं, म्हणून बरं वाटायचं. न दुखणारी गाठ दाखवायची घाई जास्त करावी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. डेपोतल्या मनीषाला सहज सांगितलं, तशी ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "वेडी आहेस का गं? आजच्या आज दाखव. मी तुझी शिफ्ट बघते."

पंखा

रिपोर्ट घ्यायला मी आणि मिलिंद दोघं गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फाईल उघडली आणि मिलिंदकडे बघून बोलायला लागले, "हे बघा, यांना जे झालंय..."

मी म्हटलं, "डॉक्टर, पेशंट मी आहे. माझ्याकडे बघून बोला ना."

ते जरा ओशाळले. खुर्ची माझ्याकडे वळवली आणि नीट सांगितलं. कॅन्सर आहे, डावा स्तन काढावा लागेल, काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील, त्यानंतर केमो आणि रेडिएशन. मी ऐकत होते. कानात शीळ वाजल्यासारखं होत होतं आणि तरी प्रश्न तोंडातून निघाला, "दिसतो कसा तो?"

"म्हणजे?"

"दिसायला हो. रोज हाताला लागतो, पण डोळ्याला दिसत नाही ना."

त्यांनी कोऱ्या कागदावर चित्र काढलं. मध्ये एक वेडावाकडा गोळा आणि त्याला चहूबाजूंनी फुटलेले पाय. खेकड्यासारखा. मी कागद मागून घेतला. मिलिंद सगळा वेळ छताकडे बघत होता. तो पवईला ऑफिसांच्या इमारतींत इलेक्ट्रिशियन आहे. बाहेर पडल्यावर म्हणाला, "त्यांच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय." रिक्षात बसलो आणि तो हमसून हमसून रडायला लागला. मी त्याची पाठ थोपटत होते आणि रिक्षावाला आरशातून आळीपाळीने आमच्याकडे बघत होता, या दोघांत आजारी नक्की कोण म्हणून.

आमचं लव्ह मॅरेज. एकाच चाळीत वाढलो. त्याला मी लहानपणापासून ओळखते आणि त्याला रडताना तोवर पाहिलं नव्हतं.

पट्टी सोडली तेव्हा

ऑपरेशननंतर पहिल्यांदा पट्टी बदलायला सिस्टर आल्या. म्हणाल्या, "बऱ्याच बायका तोंड फिरवतात. तुम्ही पण फिरवा हवं तर."

"नको. मला बघायचंय."

मिलिंद म्हणाला, "मी जरा खाली जाऊन येतो," आणि गेला.

मी वाकून बघायचा प्रयत्न केला, पण मान तेवढी वळेना. सिस्टरनी टेबलावरचा छोटा आरसा आणून धरला. टाके तिरके होते, छातीच्या मधून काखेकडे चढत गेलेले. कातडी सुजलेली, पिवळट. बाकी सपाट. उजवीकडे मी बाई होते आणि डावीकडे शाळकरी पोरगा. मला वाटलं होतं तेवढं भयंकर नव्हतं, हे खरं. मी तिथे रडले नाही, हेही खरं. रडू आलं ते घरी आल्यावर. दोरीवर माझी जुनी ब्रा वाळत होती, चिमटा लावलेली. एवढंच. स्वयंपाकघरात उभी राहून इतकी रडले की आईंनी गॅस बंद केला आणि माझ्याजवळ येऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

जखमेतलं पाणी काढायला नळी होती आणि तिच्या टोकाला बाटली. ती बाटली ठेवायला आईंनी जुन्या चादरीची पिशवी शिवली, गळ्यात अडकवायला लांब बंद लावला. मी म्हटलं, "बघा, बॅग काही सुटत नाही माझी." त्या हसल्या. त्या जालन्याकडच्या, लग्न होऊन मुंबईला आल्या त्याला जमाना झाला, पण हसल्या की अजून पदर तोंडाला लावतात.

केमोचे दिवस

केमोबद्दल सगळे सांगतात की उलट्या होतात, केस जातात. चवीबद्दल मला कुणी बोललं नव्हतं. पाण्याला नळाच्या तोटीची चव यायची. भातात लोखंड, चहात लोखंड. मग मी प्रयोग सुरू केले. काय खाल्लं की लोखंड लागत नाही? लिंबू चालायचं. सुकट, लसूण घालून चरचरीत परतलेली, ती चालायची. आवळा सुपारी चालायची. प्रज्ञा मला रोज काहीतरी नवीन आणून चाखायला द्यायची आणि तोंडाकडे बघत बसायची. बाकीच्या घरात सगळे दबक्या आवाजात वावरत होते, तेव्हा हा आमचा एकमेव खेळ होता.

केस जायला लागले तेव्हा आईंनीच मशीन फिरवलं. डोकं साफ झाल्यावर त्या थोडं मागे सरकल्या, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "माय माय! अगदी भिक्खुणीवानी दिसायलीस." त्यांच्या लेखी याच्यापेक्षा मोठं कौतुक नाही. विहारातल्या बायका भेटायला आल्या तेव्हाही त्या हेच सांगायच्या. कुणाला डोळ्यांत पाणी आणायची संधीच मिळाली नाही.

तिथेच, केमोच्या खोलीत, हिराताई भेटल्या. मढच्या कोळीणबाई, मासळी विकणाऱ्या. साठीच्या पुढच्या. शेजारच्या खुर्चीत हाताला सुई लावून बसलेल्या. मी पहिल्यांदाच आले होते आणि बहुतेक ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"काय गो बाय, पयलीच वेळ?"

"हो."

"कुठली बाजू?"

एवढा सरळ प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. नातेवाईक 'ते' म्हणायचे, 'तुझं ते झालं ना'. मी म्हटलं, "डावी."

"माझी उजवी. जा, दोघींची मिळून एक बाई पुरी झाली," असं म्हणून त्या इतक्या मोठ्याने हसल्या की सिस्टर डोकावून गेल्या.

'संपलं ना आता?'

उपचार संपले. शेवटच्या रेडिएशनच्या दिवशी प्रज्ञाने केक आणला. सगळे म्हणाले, "संपलं एकदाचं!" आणि खरं सांगू, तिथून पुढचे महिने मला जास्त जड गेले. आजारी होते तेव्हा पुढे काय करायचं ते ठरलेलं असायचं. अमुक तारखेला जा, सुई घे, ये, झोप. आता रोज एक गोळी आणि अधूनमधून तपासणी. बाकी दिवस मोकळा आणि त्यात मी.

थकवा असा की भाजी निवडताना बसल्या जागी डोळे मिटायचे. शब्द आठवायचे नाहीत. "ते दे गं, ज्याने पोळ्या उलटतात ते," असं मी उलथन्याला म्हणायचे. प्रज्ञा आधी हसायची, मग हसेनाशी झाली. एके दिवशी तिने विचारलं, "मम्मी, मला पण होणार का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. आपण दोघी जाऊन विचारू." पुढच्या तपासणीला तिला बरोबर नेलं. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून, तिलाच समजावून सांगितलं की होईलच असं नाही, पण तिने तपासण्या इतर मुलींपेक्षा लवकर सुरू करायच्या. येताना तिचा चेहरा जरा सैल झाला होता. नुसत्या अंदाजाने घाबरत बसण्यापेक्षा ते बरं.

आणि हात. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वर चढायची वाट अडते आणि हात सुजतो. माझा सुजला. बांगडी चढेना. फिजिओथेरपीच्या बाईंनी घट्ट बाही दिली, पंज्यापासून दंडापर्यंत. सांगितलं, या हाताला कापू-भाजू द्यायचं नाही, या हातावर सुई नाही, जड उचलायचं नाही, खांद्यावर पट्टा अजिबात नाही.

"मी कंडक्टर आहे," मी म्हटलं.

"मग दुसरं काम मागून घ्या."

डेपोतले साहेब चांगले. म्हणाले, "ताई, ऑफिसात बसा. सावलीत. कशाला उगाच?" घरीही सगळ्यांचं तेच. मला कळत होतं की सगळे माझ्या भल्याचं बोलतायत. पण मला टेबल नको होतं. बसमध्ये दिवसभर माणसं चढतात, भांडतात, फोनवर आपापल्या घरचं सगळं सांगतात. मला ते ऐकायला आवडतं. एखादी बाई रोज रडवेली चढते आणि एक दिवस हसत चढते, तर मला दिवसभर वाटत राहतं, काय झालं असेल हिचं? हे सगळं सोडून आयुष्य परत मिळालं तर मी त्याचं करू काय?

मी साहेबांना म्हटलं, "मला थोडा वेळ द्या. हात काय काय करू शकतो ते मला आधी बघू दे."

मढला

हिराताईंना विचारावं वाटलं. त्यांचं काम तर माझ्यापेक्षा अवजड. मार्वेहून खाडीपलीकडे नेणारी बोट पकडून मढला गेले. घरासमोर बोंबील वाळत होते. हिराताईंनी मला आत घेतलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "दाखव बघू, तुझा घाव कसा भरला."

दोघींनी ब्लाउज काढले. भरदुपारी, दोन थोराड बायका, एकमेकींची छाती निरखत उभ्या. त्यांची खूण माझ्यापेक्षा जुनी, पांढरी पडलेली. "माझी शिवण बारीक आहे," त्या म्हणाल्या, "तुझ्या डॉक्टरला घाई होती वाटतं." मग त्यांनी मला ब्लाउजच्या आत ठेवायची त्यांची पिशवी दाखवली, मऊ सुती कापडाची, आत मोहरी भरलेली. हातात घेतली तर बरोबर तेवढीच जड. मी दुकानातून घेतलेलं स्पंजचं पॅड हलकं होतं, वर सरकत गळ्याशी यायचं, आणि मी सारखी ब्लाउज खाली ओढत असायचे.

"आणि टोपली?" मी विचारलं.

"टोपली सून उचलते. मी बसून विकते. पयलं वाटलं, सगळं गेलं. मग बघितलं, गिऱ्हाईक टोपलीकडे येत नाही, माझ्या तोंडाकडे येतं." चहाचा कप माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "परत आलाय माझा. हाडात."

म्हणजे त्या दिवशी केमोच्या खोलीत त्या दुसऱ्या फेरीला बसल्या होत्या, आणि मला हसवत होत्या. परत येण्याची भीती मला प्रत्येक तपासणीच्या आधी पोखरते. कंबर दुखली तरी वाटतं, आला. आणि जिच्याकडे तो खरंच आला होता, ती माझ्यासमोर बसली होती. विचारू नये असं वाटलं आणि विचारलंच.

"कळलं तेव्हा काय वाटलं हो?"

त्यांना राग आला नाही. उलट जरा विचार करून म्हणाल्या, "आधी राग आला. एवढं सगळं सोसलं, तरी? मग भूक लागली. खोटं नाय सांगत. डॉक्टरच्या खोलीतून भायेर आले नि कडकडून भूक लागली. खाली जाऊन इडल्या खाल्ल्या. पोरगा बघतच राहिला." आणि मग, "कुणी विचारलंच नव्हतं गो हे मला. सगळी नुसती रडतात."

हिराताईंवर अजून उपचार चालू आहेत. कधी बाजारात बसतात, कधी नाही. मी जाते. त्या दिवशी निघताना त्यांनी मला मोहरीची एक पिशवी शिवून दिली, डाव्या बाजूची.

उजवा खांदा

मग मी घरात सराव सुरू केला. बॅग उजव्या खांद्यावर. ऐकायला सोपं वाटतं. पण इतक्या वर्षांची हाताची सवय सगळी उलटी करायची होती. उजव्या हाताने दांडी धरायची की तिकिटाचं मशीन? पैसे कुठल्या हाताने घ्यायचे? आई पलंगावर प्रवासी होऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "एक चेकनाका द्या हो बाई." मी दोन्ही पाय फाकवून, सीटच्या जागी खुर्चीला मांडी टेकवून, तोल सांभाळायला शिकले. दांडी धरायचीच नाही, असं ठरवलं. पहिल्यांदा प्रज्ञाने मागून मुद्दाम धक्का दिला तेव्हा मी थेट आईंच्या मांडीत जाऊन पडले.

फिजिओच्या बाईंना सगळं करून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, दोन गोष्टी बदलायला लावल्या आणि म्हणाल्या, "कमी गर्दीचा रूट असेल तर करून बघा. हात फुगला तर मात्र लगेच थांबायचं."

साहेबांनी दुपारचा एक शांत रूट दिला. पहिल्याच दिवशी एका मुलाने बाहीकडे बघून विचारलं, "मॅडम, उन्हासाठी का?"

"नाही रे. कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, त्यासाठी."

तो बिचारा "सॉरी, सॉरी" करायला लागला. पुढच्या सीटवरच्या एक बाई वळून म्हणाल्या, "अहो, मग घरी आराम करायचा ना!"

"घरी केला भरपूर. पुढे कुठे जायचंय तुम्हाला?"

हात संध्याकाळी जड झाला, पण फुगला नाही. आता आठवड्यातले काही दिवस बस आणि काही दिवस ऑफिस असं ठरलंय. पूर्वीसारखं सगळं नाही. पण बसवरच्या दिवशी मी घरी येते तेव्हा सांगायला काहीतरी घेऊन येते.

मिलिंद

एक गोष्ट राहिली. मिलिंदने सगळं केलं. डबे आणले, रात्री-अपरात्री औषधं आणली, माझ्या ओकाऱ्या धुतल्या. पण बघितलं नव्हतं. मी कपडे बदलायला लागले की त्याला गॅलरीत काम निघायचं. मीही मग पाठ करायला लागले. त्याला किळस वाटते का, हे विचारायचं धाडस, सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी मी, मलाच होत नव्हतं.

एका रविवारी दुपारी आई विहारात आणि प्रज्ञा क्लासला गेली होती. बाही काढताना ती मनगटाशी अडकली. मी म्हटलं, "जरा ओढ ना." त्याने हळूहळू सोलल्यासारखी काढली. दंडाच्या आतल्या बाजूला त्याचा हात लागला आणि मी जराही हलले नाही, म्हणून तो थांबला.

"दुखलं नाही?"

"कळलंच नाही. तिथे बधिर आहे."

"म्हणजे किती?"

"मला पण नक्की माहीत नाही."

मग अगदी सहज म्हटलं, "किळस वाटते का रे तुला?"

"किळस?" तो चमकलाच. "भीती वाटते यार. हात लागला नि तुला दुखलं तर? तू ओरडणार नाहीस, मला माहितीये. मग मला कळणार कसं?"

इतके महिने आम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टीला घाबरत होतो.

मी कुर्ता काढला. त्याने पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळे भरले, पण मान फिरवली नाही. मग त्याच्यातला इलेक्ट्रिशियन जागा झाला बहुतेक. म्हणाला, "डोळे मीट. कळलं की सांग." आणि एका बोटाने सुरुवात केली, गळ्यापासून खाली.

"इथे?"

"हो."

"इथे?"

"थोडं. कापडावरून लावल्यासारखं."

"इथे?"

मी काही बोलले नाही, कारण मला तो कधी हात लावतोय तेच कळत नव्हतं. "इथून पुढे लाइन गेली," तो स्वतःशीच म्हणाला आणि बोट पुढे नेत राहिला, टाक्यांच्या कडेने, काखेपर्यंत, मग खाली बरगड्यांवर. एका जागी मी एकदम दचकले.

"काय झालं? दुखलं?"

"नाही रे. तू बरगडीवर बोट ठेवलंस ना? मला कळलं ते वर, जिथे आता काही नाहीच आहे तिथे."

त्याने पुन्हा तिथेच बोट ठेवलं. पुन्हा तसंच झालं. मला हसू यायला लागलं. तो वाकून, कपाळाला आठ्या घालून, शॉर्ट सर्किट शोधताना बघतो तसा माझ्या बरगड्यांकडे बघत होता. "असं कसं काय पण?" तो म्हणाला.

"माहीत नाही," मी म्हटलं. "परत कर."